रडार प्रतिमेत माणसाने बांधलेले कोणते आणि निसर्गाचा पसारा कोणता, हे कसे ओळखावे

विदर्भात आषाढापासून भाद्रपदापर्यंत साध्या उपग्रहीय छायाचित्रात बहुधा ढगच दिसतात, आणि वैनगंगा, वर्धा, पैनगंगा गावांत शिरतात त्याही नेमक्या याच दिवसांत. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत नदीकाठची गावे वेढली, तेव्हा वरून पाहण्याचे भरवशाचे साधन रडार हेच होते, कारण त्याच्या लहरी ढगातून पार होतात आणि त्यांना सूर्यप्रकाश लागत नाही. परंतु रडार प्रतिमा म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा दाट थर असतो. त्यातला कोणता ठिपका घर, कोणता विजेचा मनोरा आणि कोणता नुसती धानाची बांधी, हे ठरवता आले नाही तर त्या प्रतिमेवरून केलेला नकाशा मदतीला निघालेल्या माणसाला चुकीच्या ठिकाणी पोहोचवतो. तालुका पातळीवर नकाशे करणारे, भूगोलाचे विद्यार्थी आणि आपत्ती व्यवस्थापनात काम करणारे यांना डोळ्यासमोर ठेवून ही पद्धत येथे मांडली आहे. ती सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाच्या विनामूल्य प्रतिमांवर आधारलेली आहे.

चमक कोठून येते

रडार आपली लहर तिरपी सोडते आणि परत आलेला भाग मोजते. सेंटिनेल-१ ची तरंगलांबी सुमारे ५.५ सेंटिमीटर आहे आणि जमिनीवर नेहमी वापरल्या जाणाऱ्या प्रकारात लहर उभ्या रेषेशी साधारण २९ ते ४६ अंशांचा कोन करून पडते. तिरपी आलेली लहर गुळगुळीत पृष्ठभागावरून पुढे निघून जाते, खडबडीत पृष्ठभागावरून चहूकडे विखुरते आणि काटकोनात सापडली तर दोनदा किंवा तीनदा उसळून आल्या वाटेने परत जाते. हा काटकोन मानवनिर्मित वस्तूची सर्वांत मोठी खूण आहे. भिंत आणि अंगण, पाण्याची टाकी आणि तिचे खांब, विजेच्या मनोऱ्याचे आडवे-उभे लोखंड, धरणाचे दरवाजे आणि त्यांमधील खांब, अशा जोड्यांत तो जागोजागी असतो. निसर्गात स्वच्छ काटकोन क्वचितच मिळतो.

या खुणेचे बळ एका हिशेबाने कळते. एक मीटर कडांच्या तीन त्रिकोणी पत्र्यांचा कोपरा करून तो उपग्रहाच्या दिशेने ठेवला, तर ५.५ सेंटिमीटर तरंगलांबीला तो सुमारे १,३६० चौरस मीटर क्षेत्रफळाच्या परावर्तकासारखा दिसतो. उलटपक्षी, प्रतिमेत साधारण २० मीटर लांब-रुंद एवढाच तुकडा वेगळा ओळखता येतो आणि तेवढ्या शेताचा परतावा उणे १० डेसिबल, म्हणजे क्षेत्रफळाच्या एक दशांश, धरला तर तो ४० चौरस मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे मीटरभर कडांचा लोखंडी कोपरा आजूबाजूच्या शेतापेक्षा तीसपटींहून अधिक उजळतो, आणि म्हणूनच १० मीटरच्या पिक्सेलमध्ये त्याहून कितीतरी लहान वस्तू दिसू शकते.

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. माणसाने केलेली प्रत्येक वस्तू उजळ नसते. पृष्ठभागाची उंचसखलता लहरीच्या तुलनेत फार कमी असेल तर तो गुळगुळीत ठरतो, आणि ३९ अंशांच्या कोनाला ही मर्यादा सुमारे ९ मिलिमीटर येते. त्यामुळे डांबरी रस्ता, प्लास्टिक अंथरलेले शेततळे किंवा उपग्रहापासून दूर उतरणारे टिनाचे छप्पर काळे दिसते. समृद्धी महामार्ग रडार प्रतिमेत शोधायचा असेल तर काळी रेघ आणि तिच्या काठाने कठड्यांचे तुटक उजळ ठिपके शोधावेत, पांढरी रेघ शोधू नये. कवेलूची मातीची घरे, विशेषतः गडचिरोलीच्या जंगलातील कुडाच्या भिंतींची, फार फिकट दिसतात आणि पुष्कळदा दिसतही नाहीत.

निसर्ग कोठे फसवतो

विदर्भात सर्वाधिक चुका धानाच्या पट्ट्यात होतात, म्हणून त्याकडे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात रोवणीच्या वेळी बांधीत पाणी उभे असते आणि रोप लहान असते. लहर पाण्यावरून निघून जाते व बांधी काळी दिसते. पुढे महिना-दीड महिन्याने रोप उंच झाले की पाण्याची सपाट पातळी आणि त्यातून उभे राहिलेले ताट मिळून तोच काटकोन तयार होतो, जो भिंत आणि अंगण यांच्यात असतो. तेव्हा तीच बांधी उजळते. पूर येण्याचा काळ आणि बांध्या उजळण्याचा काळ जवळजवळ एकच असल्याने, सप्टेंबरच्या एकाच प्रतिमेवरून वस्ती मोजणारा माणूस धानाच्या शिवारातही घरे मोजून जातो. माझ्या स्वतःच्या पहिल्या नकाशात पवनी तालुक्यातील एका मोठ्या बोडीखालचा (तळ्याखालचा) ओलिताचा पट्टा वस्ती म्हणून रंगवला गेला होता. एकच तारीख पाहिली, हीच ती चूक होती.

पश्चिमेकडील काळ्या जमिनीची गोष्ट वेगळी आहे. यवतमाळ, अकोला, वाशीम भागात उन्हाळ्यात नांगरून ठेवलेल्या वावरात ढेकळे असतात. लहर किती परतते हे ठरवणारा विद्युत गुणांक, म्हणजे परावैद्युतांक, कोरड्या मातीचा ३ ते ४ असतो आणि पाण्याचा ७० ते ८०, त्यामुळे मृगाचा पहिला पाऊस पडला की ओली ढेकळे एकाएकी उजळतात आणि आठ दिवसांपूर्वी शांत दिसणारे शिवार पांढरे होते. त्यातही तासांची दिशा महत्त्वाची असते. नांगराची किंवा वखराची तासे रडारच्या नजरेला आडवी असतील तर परतावा वाढतो. नजरेच्या दिशेनेच तासे असतील तर तो कमी होतो. म्हणून एकाच मातीची, एकाच दिवशी भिजलेली दोन शेजारची वावरे एक पांढरे आणि एक करडे दिसू शकतात, आणि धुऱ्याने आखलेली त्यांची चौकोनी हद्द पाहून नवख्याला ते बांधकाम वाटते. चौकोन हा मानवनिर्मित असल्याचा पुरावा जरूर आहे, परंतु तो शेताचाही असतो.

मेळघाटात आणि बुलढाण्याकडील डोंगरकडांवर उतारच फसवतात. रडारकडे तोंड करून असलेला उतार प्रतिमेत आकसून एका उजळ पट्टीत गोळा होतो आणि पलीकडची बाजू सावलीत जाते. काळ्या पाषाणाचे उभे कडे तर घरांच्या रांगेइतके चमकतात. नदीपात्रात उघडे पडलेले खडक आणि धुऱ्यावरचे एकटे मोहाचे किंवा बाभळीचे झाड हे त्यामानाने लहान धोके आहेत, पण ते सुटे ठिपके देतात आणि सुट्या ठिपक्यालाच आपण मनोरा किंवा एकटे घर समजतो.

शिवाय एका कारणाचा निसर्गाशीही संबंध नाही. एका पिक्सेलमध्ये असंख्य लहान परावर्तक असतात आणि त्यांच्या लहरी कधी एकमेकींना जोडून घेतात, कधी पुसून टाकतात. त्यातून स्पेकल नावाचा कणीदारपणा येतो. सरासरी न काढलेल्या प्रतिमेत एकसारख्या शेतातही तीव्रतेचे प्रमाण विचलन सरासरीइतकेच असते. म्हणून एकटा उजळ पिक्सेल हा पुरावा धरू नये.

पहिली परीक्षा : उन्हाळ्याची तीव्रता

कामाची सुरुवात पावसाळी प्रतिमेने करू नये, मग प्रश्न पुराचा का असेना. आधी एप्रिल-मे महिन्यांतील प्रतिमा घ्याव्यात. त्या वेळी पऱ्हाटी (कापसाची झाडे) उपटलेली असते, बांध्या बहुतेक ठिकाणी कोरड्या असतात, सागाची पाने गळलेली असतात आणि मातीत ओल नसते. निसर्गाचा पसारा वर्षभरात सर्वांत शांत होतो तो याच काळात, आणि घरे मात्र होती तशीच राहतात. अपवाद उन्हाळी धानाचा. ज्या गावांना तलावाचे किंवा कालव्याचे पाणी मिळते तेथे मे महिन्यातही बांधी भरलेली असू शकते, म्हणून मामा (माजी मालगुजारी) तलावांखालचे पट्टे नकाशावर आधीच वेगळे आखून ठेवावेत.

प्रतिमेची तयारी स्नॅप या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये करता येते. अचूक कक्षेची फाइल लावावी, औष्णिक गोंगाट काढावा, तीव्रता प्रमाणित करावी आणि भूरूपानुसार दुरुस्ती करावी. या क्रमात स्पेकल गाळण्याची पायरी बहुतेक जण सवयीने घालतात. वस्ती किंवा मनोरे शोधायचे असतील तर ती घालू नये असे माझे ठाम मत आहे, कारण गाळणी ज्या एकट्या उजळ ठिपक्याला दोष समजून पुसते, तोच ठिपका आपण शोधत असतो.

स्पेकल कमी करण्याचा योग्य मार्ग अवकाशात नाही, काळात आहे. एकच उपग्रह त्याच वाटेवर दर १२ दिवसांनी परत येतो, म्हणजे वर्षात सुमारे ३० प्रतिमा मिळतात. त्या सर्व एकमेकींवर तंतोतंत बसवून प्रत्येक पिक्सेलसाठी वर्षभरातील खालच्या वीस टक्क्यांच्या सीमेवरचे मूल्य काढावे. अगदी किमान मूल्य घेऊ नये, कारण स्पेकलमुळे घराचेही एखादे मूल्य फार खाली जाते. धानाची बांधी वर्षात कधीतरी काळी पडतेच, ओली ढेकळे वाळतातच, त्यामुळे ती या प्रतिमेतून गळतात. घर, गोदाम, पूल आणि मनोरा बाराही महिने उजळ राहतात. गूगल अर्थ इंजिनवर हे काम तालुक्याएवढ्या क्षेत्रासाठी फारसे अवघड नाही.

आता उंबरठा ठरवायचा. संपूर्ण प्रतिमेला एकच आकडा लावला तर यवतमाळच्या माळरानावर तो जास्त ठरतो आणि गडचिरोलीच्या जंगलात कमी. म्हणून सीएफएआर या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरावी. तीत प्रत्येक पिक्सेलची तुलना त्याच्याच भोवतालाशी होते आणि खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण स्थिर ठेवले जाते. तपासायच्या पिक्सेलभोवती एक पट्टा मोकळा सोडावा, म्हणजे वस्तूची स्वतःची चमक भोवतालात मिसळत नाही, आणि त्याबाहेरच्या पट्ट्यातून सरासरी काढावी. दहा लाखांत एक खोटा इशारा चालेल असे ठरवले, तर सरासरी न काढलेल्या प्रतिमेत उंबरठा भोवतालच्या सरासरीच्या १३.८ पट येतो. चार स्वतंत्र निरीक्षणांची सरासरी असलेल्या प्रतिमेत तो सुमारे ५.३ पट, म्हणजे ७ डेसिबलच्या थोडा वर, पुरतो. हे आकडे एकसारख्या भोवतालासाठी आहेत. वावर, धुरा, पांदण आणि झाडी एकाच चौकटीत आली की ते अपुरे पडतात. दाट गावात उलट अडचण येते, कारण शेजारची घरेच भोवताल होऊन बसतात आणि उंबरठा इतका चढतो की गावाचा मधला भाग नाहीसा होतो. तेथे सरासरीऐवजी मध्यक वापरावा.

खोट्या इशाऱ्यांच्या या प्रमाणाचा अर्थही नीट समजून घ्यावा. १०० किलोमीटर लांब-रुंद क्षेत्रात १० मीटरचे दहा कोटी पिक्सेल असतात. दहा लाखांत एक या हिशेबाने, गणित अगदी बिनचूक असले तरी, त्यात १०० खोटे ठिपके निघणारच. पुढची परीक्षा त्यांच्यासाठी आहे.

दुसरी परीक्षा : पावसाळ्याची सुसंगती

एकाच कक्षेतील दोन फेऱ्यांमध्ये परतलेल्या लहरींची कला (फेज, म्हणजे लहर चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) किती जुळते, याला कोहिअरन्स किंवा सुसंगती म्हणतात आणि ती ० ते १ या मापात मोजतात. सिमेंटची भिंत १२ दिवसांत हलत नाही, म्हणून तिची सुसंगती जास्त राहते. पीक वाढते, पाने वाऱ्याने हलतात, पाणी डहुळते, आणि त्यांची सुसंगती कोसळते. त्यासाठी कला जपलेला मूळ प्रकारचा डेटा घ्यावा लागतो, नुसत्या तीव्रतेच्या प्रतिमेतून हे काम होत नाही.

ही परीक्षा मात्र उन्हाळ्यात घेऊ नये. मे महिन्यात पडीक, कोरडी जमीनही १२ दिवस जशीच्या तशी राहते आणि घराइतकीच सुसंगत दिसते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सोयाबीन, कापूस, तूर आणि धान यांनी शिवार झाकलेले असते, तेव्हा सुसंगत राहिलेला ठिपका जवळजवळ नक्कीच टणक आणि स्थिर वस्तूचा असतो. म्हणजे तीव्रता उन्हाळ्याची आणि सुसंगती पावसाळ्याची घ्यावी. दोन्हींत उत्तीर्ण झालेला ठिपकाच पुढे न्यावा. केवळ तीव्रतेच्या प्रतिमा हाताशी असतील, तर वर्षभरातील प्रमाण विचलन आणि सरासरी यांचे गुणोत्तर पाहावे. स्थिर परावर्तकांच्या अभ्यासात आयाम मूल्यांसाठी (म्हणजे तीव्रतेच्या वर्गमूळासाठी) हे गुणोत्तर ०.२५ पेक्षा कमी असावे असा संकेत २००१ पासून रूढ आहे, आणि तो येथेही उपयोगी पडतो.

या दोन्ही परीक्षांतून पार होणारी नैसर्गिक गोष्ट एकच उरते, ती म्हणजे उघडा खडक. त्यासाठी उंचीच्या नकाशावरून उतार काढावा. २००० च्या फेब्रुवारीत अवकाशयानातून मोजलेल्या उंचीचा ३० मीटरचा विनामूल्य नकाशा यासाठी पुरेसा आहे. तीव्र उतारावरचे आणि उपग्रहाकडे तोंड असलेले ठिपके वेगळ्या रंगात ठेवावेत, सरसकट पुसू नयेत, कारण मेळघाटात उतारावरही ढाणे, म्हणजे लहान वस्त्या, आहेत.

दिशा आणि ध्रुवीकरण

भिंत आणि अंगणाचा काटकोन तेव्हाच पुरता चमकतो, जेव्हा भिंत उपग्रहाच्या वाटेला समांतर असते. सेंटिनेल-१ ची वाट आपल्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण रेषेपासून सुमारे १२ अंश कललेली असते. दार पूर्वेला ठेवण्याच्या रीतीने बांधलेल्या घराची भिंत नेमकी उत्तर-दक्षिण असेल तर ती या वाटेपासून १२ अंश फिरलेली राहते आणि तेवढ्यानेही परतावा बराच उतरतो. जुन्या गावात घरांची तोंडे सर्व दिशांना असल्याने काही भिंती जुळतातच. गोसीखुर्द प्रकल्पाच्या पुनर्वसित गावांसारख्या सरळ रेषांत आखलेल्या वस्त्यांत मात्र जुळले तर सारे गाव जुळते आणि न जुळले तर सारे फिके पडते. अशा ठिकाणी दुसऱ्या वाटेवरून, म्हणजे उपग्रह दक्षिणेकडे जाताना आणि उत्तरेकडे जाताना, अशा दोन्ही वेळच्या प्रतिमा मिळत असतील तर त्या अवश्य पाहाव्यात.

उपग्रह उभी लहर सोडून उभी परत मोजतो ती व्हीव्ही आणि आडवी परत मोजतो ती व्हीएच. वाटेला समांतर भिंत व्हीव्हीमध्ये फार उजळते आणि व्हीएचमध्ये त्या मानाने कमी. झाडांच्या फांद्या लहरीचे ध्रुवीकरण, म्हणजे तिच्या कंपनाची उभी-आडवी दिशा, विस्कटतात, म्हणून जंगलात व्हीएचचा वाटा वाढतो. त्यामुळे व्हीव्ही जास्त आणि व्हीएचचा वाटा कमी हे वस्तीचे लक्षण म्हणून शिकवले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण तिरपी बसलेली भिंतही ध्रुवीकरण फिरवते आणि वस्ती झाडीसारखी दिसू लागते. म्हणून निव्वळ गुणोत्तरावरून वस्ती नाकारू नये.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून गेलेल्या निसार उपग्रहाची एक लहर सुमारे २४ सेंटिमीटर लांब आहे. ती मोहाच्या किंवा आंब्याच्या पानांतून खाली पोहोचते, त्यामुळे झाडांखाली दडलेल्या घरांसाठी ती अधिक उपयोगी आहे. मात्र तीच लहर जंगलात खोड आणि जमीन यांच्या काटकोनातूनही जोराने परतते, हे ध्यानात ठेवावे.

ठिपक्याचा शेजार वाचणे

उरलेले ठिपके डोळ्यांनी तपासावेत. साधारण ३०० ते ४०० मीटर अंतराने, सरळ रेषेत, नाले-धुरे न जुमानता जाणारे ठिपके अतिउच्चदाब वाहिनीचे मनोरे असतात. जिनिंगच्या मोठ्या लोखंडी शेडभोवती कधी अधिक चिन्हासारख्या उजळ रेषा दिसतात. त्या वेगळ्या इमारती नसून एकाच तीव्र परताव्याचे बाजूंना पसरलेले पडसाद आहेत. गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उजळ रांग देतात आणि तिच्या एका बाजूला जलाशयाचा काळा पसारा असतो. मोकळ्या शेतात एखादा लांबट उजळ डाग एकाच तारखेला दिसून नाहीसा झाला, तर जवळपास रेल्वेमार्ग आहे का ते पाहावे. हलती वस्तू रडार प्रतिमेत आपल्या जागेवरून सरकते, आणि वर्धा-बडनेरा मार्गावर ताशी ७२ किलोमीटर वेगाने पूर्व-पश्चिम धावणारी गाडी हिशेबाने सव्वा ते दीड किलोमीटर बाजूला दिसते. खालच्या वीस टक्क्यांच्या प्रतिमेत असे डाग राहत नाहीत.

पूर आल्यावर हा तयार नकाशा पुढे ठेवून त्या दिवसाची प्रतिमा वाचावी. भिंतीच्या पायथ्याशी पाणी आले की काटकोनाची खालची बाजू अधिक गुळगुळीत होते, आणि वस्ती काळी पडण्याऐवजी पूर्वीपेक्षा उजळ होऊ शकते. फक्त काळा रंग म्हणजे पाणी असे धरणारी पद्धत अशी बुडालेली घरे कोरडी ठरवते. म्हणून वस्तीच्या पिक्सेलमध्ये दोन्ही दिशांचा बदल मोजावा, आणि अचानक घटलेल्या सुसंगतीकडेही लक्ष द्यावे.

गावात जाऊन पडताळणी करताना चुकीच्या आणि बरोबर, अशा दोन्ही ठिपक्यांची नोंद सारख्याच काळजीने करावी. भिंत कशाची, छप्पर कवेलूचे की टिनाचे की स्लॅबचे, ओळीची दिशा कोणती, शेजारी पाणी किंवा झाडी किती, आणि भेटीची तारीख, एवढे प्रत्येक ठिकाणी लिहावे. त्याच फेरीत, प्रतिमेत ठिपका नाही अशा काही जागाही मुद्दाम पाहाव्यात, विशेषतः कुडाच्या भिंतींचे टोले (लहान वाड्या) आणि शेतातली एकटी बिऱ्हाडे. अशी जी घरे सापडतील ती ‘रडारमध्ये न दिसलेली’ या वेगळ्या थरात नकाशावर टाकावीत आणि पुराच्या दिवशी तो थर सर्वांत वर ठेवावा.